शेवटच्या भागाचे सबनीस

आमच्या सोसायटीत पाण्याची टाकी धुवायची असली की आधी त्याचा टीझर येतो.

म्हणजे सोमवारी सकाळी लिफ्टशेजारच्या फळ्यावर एक काळा कागद लागतो. त्यावर पांढऱ्या शाईत एवढंच लिहिलेलं असतं, 'ती भरलेली आहे. पण कशाने?' बुधवारी त्याखाली दुसरा कागद, 'गाळ परत येतोय.' तोवर दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी पाणी उकळून प्यायला सुरुवात केलेली असते. शनिवारी मुख्य पोस्टर लागतं. 'एक टाकी. एक रविवार. कोणीही अंघोळ करू शकणार नाही.' आणि अगदी तळाला, मुंगीच्या अक्षरात, सकाळी दहा ते दोन पाणी बंद राहील, आपला नम्र, सचिव.

हे नम्र सचिव म्हणजे सबनीसकाका. पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दार आणि आमचं दार समोरासमोर आहे, त्यामुळे त्यांचे सगळे टीझर आम्हाला फळ्यावर लागण्याआधीच बघायला मिळतात. वार्षिक सभेच्या वेळी त्यांनी 'या वेळी कोणीही सुरक्षित नाही' असं लिहिलं होतं. पार्किंगचा विषय होता, त्यामुळे ते खोटंही नव्हतं. पण सभेला एरवी जेमतेम समितीच येते, त्या वर्षी माणसं जिन्यात उभी होती. काका खुशीत मला म्हणाले, "ओपनिंग जोरदार लागलं, सुनीता. आता पुढच्या आठवड्यात टिकायला पाहिजे."

काका वीज खात्यातून निवृत्त झाले. तिथे ते तक्रार खिडकीवर बसायचे आणि समोर येणाऱ्या प्रत्येकाला 'लवकरच येईल' असं सांगायचे. सगळी नोकरी त्यांनी या दोन शब्दांवर काढली. सिनेमाच्या जाहिरातवाल्यांशी त्यांचं गोत्र तिथेच जुळलं असावं, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. काकींचं मत जरा वेगळं आहे. "हे सिनेमा बघत नाहीत गं," त्या म्हणतात, "हे सिनेमाची वाट बघतात. बघायचं काम तिकिटाचं, वाट बघायचं काम फुकट."

सगळ्या सिनेमांची नाही हं. काकांचा सिनेमा एकच, 'मेघदुर्ग'. ढगांवर तरंगणारा किल्ला, त्याच्यासाठी भांडणारी चार राजघराणी, उडणारे हत्ती, शाप, उःशाप असा तो भव्य मामला. एवढी वर्षं एकेक भाग येत राहिला आणि काका एकेका भागाबरोबर म्हातारे होत गेले. त्यातले राजे, राण्या, हत्ती यांच्यावर त्यांचा विशेष जीव नाही. त्यांचा जीव किल्ल्याच्या दाराशी बसलेल्या म्हाताऱ्या किल्लेदारावर. हा किल्लेदार कोणत्याही भागात हसलेला नाही. कोणीही दार उघड म्हटलं की तो फक्त म्हणतो, "वेळ झालेली नाही." सोसायटीत कोणी गच्चीची किल्ली मागायला गेलं की काका हेच म्हणतात, त्याच आवाजात.

सिनेमाच्या जाहिरातीबद्दल काकांचा स्वतःचा एक सिद्धांत आहे, आणि तो ऐकल्याशिवाय त्यांच्या घरी चहा मिळत नाही. सिनेमा म्हणजे लग्न. "नाव जाहीर झालं म्हणजे बोलणी सुरू झाली. फर्स्ट लूक म्हणजे कांदेपोहे. टीझर म्हणजे सुपारी फुटली. ट्रेलर म्हणजे साखरपुडा. मग तो हिरो गावोगाव फिरतो, या कार्यक्रमात नाच, त्या कार्यक्रमात लाडू खा, ते केळवण. मॉलमध्ये किल्ल्याच्या आकाराचे पॉपकॉर्नचे डबे, हत्तीचे मग, शर्ट मांडून ठेवतात ना, ते रुखवत. कोणी घेत नाही, सगळे बघून जातात."

"आणि सिनेमा?" मी एकदा विचारलं.

"सिनेमा हा मुहूर्त. तोपर्यंत मध्ये अंतरपाट असतो. आणि हे जे कुणी आधी बघून येतात आणि शेवट सांगत सुटतात ना, ते अंतरपाट खाली ओढणारे नतद्रष्ट लोक. अशांना मांडवात घेऊ नये."

तेव्हापासून आमच्या इमारतीत कोणी सिनेमाची गोष्ट सांगायला लागलं की दुसरा "अंतरपाट धरा!" असं ओरडतो. शाळकरी मुलंसुद्धा. परवा एका मुलाने आईला स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "आज भाजी काय आहे ते सांगू नकोस, अंतरपाट!"

शेवटच्या भागाची जाहिरात सुरू झाली तेव्हा काकांच्या अंगात आलं. मुळात शेवटचा भाग एक नव्हताच. निर्मात्यांनी 'अंतिम अध्याय, भाग पहिला' आणि 'अंतिम अध्याय, भाग दुसरा' असे त्याचे दोन तुकडे केले. मी म्हटलं, "काका, शेवटाचा पहिला भाग म्हणजे काय? शेवट तो शेवट." काकांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "तुझं लग्न एका दिवसात लागलं होतं का? आदल्या दिवशी सीमांतपूजन होतंच ना?"

तो पहिला भाग येऊन गेला आणि मग एक दिवस दुसऱ्याची, म्हणजे खऱ्या शेवटाची, मोठी घोषणा झाली. घोषणा अशी, की ट्रेलर कधी येणार याची तारीख येत्या गुरुवारी जाहीर होईल. काका दारात उभं राहून जिन्याने वर-खाली जाणाऱ्या प्रत्येकाला हे सांगत होते. माझा नवरा म्हणाला, "काका, ही नुसती तारखेची तारीख आहे." काका म्हणाले, "वरात निघाली की आधी वर्दी पाठवतात. मांडवात एकदम घोडा घालत नाहीत."

आणि ट्रेलरच्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला आमंत्रण दिलं. दोन-अडीच मिनिटांचा तो ऐवज. त्यासाठी हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, काकींनी तिखट-मिठाच्या पुऱ्या केल्या होत्या आणि काका इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. एका हातात टीव्हीचा रिमोट, दुसऱ्या हातात कानाला लावलेला फोन.

"मने, झालीस तयार? एक, दोन, तीन, लाव!"

मनू म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी मानसी. ती परदेशात, कुठल्यातरी बर्फाच्या गावात नोकरी करते. तिने तिकडे आणि काकांनी इकडे एकाच क्षणी बटण दाबलं. ढग गडगडले, हत्ती उडाले, कोणीतरी खोल विहिरीतून बोलल्यासारखं म्हणालं, "सगळं इथेच संपणार." आणि अगदी शेवटी पडदा काळा होता होता किल्लेदाराचा चेहरा आला, आणि तो हसला.

फक्त क्षणभर. पण काका खुर्चीतून उठून उभे राहिले.

"मने! हसला! अगं, किल्लेदार हसला!"

फोनमधून तिची किंकाळी आम्हालाही ऐकू आली. "बाबा, का हसला असेल? काय झालं असेल?" मग पुढचा तासभर बापलेक तेवढ्यावर बोलत होते. दाढीमागे डावीकडून उजेड येतो आहे म्हणजे दार उघडलं असणार, असं हिचं म्हणणं. छे, तो उजेड आगीचा, असं त्यांचं म्हणणं. काका तो क्षण थांबवत होते, मागे नेत होते, परत लावत होते. आमच्या पुऱ्या संपल्या, चहा दोनदा झाला, आम्ही हळूच उठून आलो तरी त्यांना पत्ता नव्हता.

मला ते सगळं फार गमतीचं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी काकी मोड आलेले वाल द्यायला आल्या तेव्हा मी हसत तसं म्हणालेही. काकी मात्र हसल्या नाहीत.

"तुला सांगते, हा माणूस नाट्यसंगीत सोडून काही ऐकायचा नाही. मनू सहावीत असताना तिला हट्ट सुटला म्हणून ह्यांनी तिला मेघदुर्गाच्या पहिल्या भागाला नेलं. जाताना कपाळाला आठ्या. येताना मात्र जिन्यात दोघांचे आवाज आधी वर आले, माणसं मागून आली. त्या आधी ह्या दोघांचं बोलणं म्हणजे प्रगतिपुस्तकावर सही. ह्यांना मुलीशी बोलता येतच नाही. प्रेम आहे डोंगराएवढं, पण शब्द नाही. आताही फोन आला की बघ. 'जेवलीस का?' 'हो.' 'थंडी?' 'आहे.' 'बरं, आईला देतो.' संपलं. पण ट्रेलर आला की तासभर."

मी म्हटलं, "मग बरंच आहे की."

"बरं आहे गं," काकी म्हणाल्या, "पण आता हा शेवटचा भाग. तो संपला की ह्या दोघांकडे बोलायला काय उरणार?"



त्यानंतर सिनेमा पुढे ढकलला गेला. निर्मात्यांनी कळवलं की ढग अजून तयार झालेले नाहीत. म्हणजे कॉम्प्युटरवरचे. देशभर चाहते चवताळले, कोणी शिव्या दिल्या, कोणी निषेध केला. आमच्या मजल्यावर सबनीसकाका पेढे वाटत होते.

"काका, सिनेमा पुढे गेला," मी सांगितलं, न जाणो त्यांना उलटं कळलं असेल.

"गेला ना! जाऊ दे. घाईत केलेले ढग टिकत नाहीत," असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.

खरं कारण मला हळूहळू समजलं. शेवटचा भाग पनवेललाच बघायचा, दोघांनी शेजारी बसून, असा मनूने बाबांना शब्द दिला होता आणि तिला तेव्हा रजा नव्हती. सिनेमा जितका पुढे जाईल तितका तो तिच्या रजेच्या जवळ येणार होता. ढग पुन्हा एकदा अपुरे पडले तेव्हा काकांनी श्रीखंड आणलं.

शेवटी ढग जमले आणि तारीख पक्की झाली. ती नेमकी मनूच्या रजेतच पडली. मग काकांनी जी तयारी केली ती खऱ्या लग्नाच्या घरात होत नाही. रुखवत बघून येतो म्हणून मॉलमध्ये गेले ते किल्ल्याच्या आकाराचे पॉपकॉर्नचे दोन डबे घेऊनच आले. मनूने मुंबईत सहारला उतरायचं नाही, इकडच्या नव्या विमानतळावर उतरायचं, असं फर्मान निघालं. या विमानतळाचे टीझर बघण्यात आम्हा पनवेलकरांची अर्धी हयात गेलेली, त्यामुळे तो खरोखर प्रदर्शित झाल्याचा काकांना वैयक्तिक अभिमान होता. "उलव्याच्या बाजूने बाहेर पड, मी रिक्षा घेऊन उभा राहतो," ते फोनवर सांगत होते. परदेशातून मुलीला आणायला रिक्षा घेऊन जाणारा बाप मी तरी दुसरा पाहिला नाही. डोक्यावरून विमान गेलं की काका गॅलरीत येऊन ते उतरेपर्यंत बघायचे.

आणि मग मनूचे कागद अडकले. तिकडे राहायच्या परवानगीचं नूतनीकरण चालू होतं आणि ते हातात येईपर्यंत तिला देश सोडता येत नव्हता. रजा होती, पण निघता येत नव्हतं. काकांनी विचारलं, "कधी मिळतील म्हणाले कागद?"

"'लवकरच' म्हणालेत, बाबा."

काकांनी जन्मात पहिल्यांदा तो शब्द खिडकीच्या बाहेर उभं राहून ऐकला. त्या दिवशी ते कोणाशीच बोलले नाहीत.

मनू म्हणाली, तुम्ही बघून या, माझ्यासाठी थांबू नका. काका म्हणाले, छे, तू येशील तेव्हा. मग तीही म्हणाली, बरं, मीही नाही बघत. असा करार झाला आणि लिफ्टशेजारच्या फळ्यावर काळा कागद लागला.

'अंतरपाट धरा! सिनेमा पाहून आलेल्या सभासदांनी जिन्यात, लिफ्टमध्ये आणि तिसऱ्या मजल्याच्या आसपास तोंड उघडू नये. रडू आल्यास घरी जाऊन रडावे. सचिव.'

लोक हसले, पण त्यांनी तो पाळला. आमच्या सोसायटीत कचऱ्याचे दोन वेगळे डबे ठेवण्याचा नियम अजून कोणी पाळत नाही, पण हा पाळला. मुलं तिसऱ्या मजल्यावरून जाताना तोंडावर हात ठेवून जायची. संकट आलं ते तळमजल्यावरून. तिथे अन्वरभाईंचं मोबाइल आणि स्टेशनरीचं दुकान आहे. त्यांचा भाऊ आखातात नोकरीला. आणि हा सिनेमा तिकडे आपल्यापेक्षा एक दिवस आधी, गुरुवारीच लागला. शुक्रवारी सकाळी मी पेन घ्यायला गेले तर अन्वरभाई गाल फुगवून बसलेले.

"भाभी, तुमीच समजवा काकांना. दुकानात आले, माझ्या थोबाडाकडं बघितलं आणि उलट्या पावली गेले. म्हणतात, तुझ्या चेहऱ्यावरून कळतंय कोण मेलं ते. आता चेहरा काय घरी ठेवून येऊ? अल्ला कसम, भावानं मला एक लफ्ज सांगितला नाय. तो नुसता रडत होता फोनवर."

"हे काकांना सांगितलंत का?"

"कोण रडला ते पण सांगू नको म्हणतात. रडण्यावरून अंदाज लागतो म्हणे."

दोन दिवसांनी मासेवाली भारतीताई आली. ती मोरा बंदरावरून ताजी मासळी आणते आणि सबनीस कायस्थ असल्यामुळे तिचा पहिला थांबा त्यांचाच असतो. काका सुरमई निवडून, तुकड्या केवढ्या करायच्या ते बोटाने दाखवून उभे होते.

"काका, आमचा पोरगा तुमचा त्यो किल्ल्याचा पिक्चर बघून आला," भारतीताई कोयता मारता मारता म्हणाली. "लय रडला वो. जेवला पन नाय. म्हंतो, आये, त्यो—"

काका आत गेले आणि दार लागलं. भारतीताई अर्धी कापलेली सुरमई हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "काय झाला यांना? आनि ही सुरमय आता कोनाची?"

ती सुरमई आम्ही खाल्ली. कायस्थ माणसाने कापलेली सुरमई सोडली, तेव्हा मला प्रकरणाचं गांभीर्य समजलं.

त्याच रविवारी मी आणि नवरा चोरून सिनेमाला गेलो. चोरून, कारण काकांना कळलं असतं तर आमचंही अन्वरभाई झालं असतं. सिनेमा चांगला होता, म्हणजे आवाज चांगला होता. पण आमचा पॉपकॉर्न अर्धा व्हायच्या आत किल्लेदार मेला. सुरुवातीलाच, दाराशी बसल्या बसल्या, कुठूनसा एक बाण आला आणि संपलं. शेवटचं वाक्यसुद्धा त्याला दिलं नाही. मी उरलेला सगळा सिनेमा तो हसण्याची वाट बघत बसले. म्हटलं, आठवणीत दाखवतील, स्वप्नात दाखवतील, स्वर्गात दाखवतील. हत्ती उडाले, किल्ला पडला, दिवे लागले, लोक उठले. किल्लेदार हसलाच नाही.

"ट्रेलरमध्ये होतं ते कुठे गेलं?" मी नवऱ्याला विचारलं.

"कापलं असेल. असं करतात. ट्रेलरला लागतं म्हणून घेतात, सिनेमात ठेवतातच असं नाही."

साखरपुड्यात मिरवलेला दागिना लग्नात गायब, हे काकांच्या भाषेतलं वाक्य माझ्या अगदी ओठावर आलं. पण ज्यांना ते सांगावं त्यांनाच सांगायची सोय नव्हती. आम्ही जिना चढून वर आलो तेव्हा काकांनी दार किलकिलं केलं, माझे डोळे पाहिले आणि मुकाट्याने लावून घेतलं.

सिनेमा उतरला. मॉलमधलं रुखवत आधी निम्म्या किमतीत आणि मग दिसेनासं झालं. त्या जागी दुसऱ्या कुठल्यातरी सिनेमाचे रोबो आले. मग मेघदुर्ग घरच्या टीव्हीवरही आला. काकांनी तो लावला नाही. दोन डबे कपाटावर तसेच होते. मनूचे कागद लवकरच येत होते.

आणि काकी म्हणाल्या होत्या तसंच झालं. आता नवा ट्रेलर नव्हता, टीझर नव्हता, तारखेची तारीखही नव्हती. आमच्या दारापर्यंत ऐकू येणारे फोन आखूड झाले. जेवलीस का, हो. थंडी, आहे. बरं, आईला देतो. मनूही घाईघाईने बोलायची. फळ्यावरच्या सूचना साध्या व्हायला लागल्या. 'उद्या पाणी येणार नाही.' बस्स. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. समितीतल्या एका गृहस्थांनी तर तक्रार केली, की अशाने सभेला कोण येणार.

मागच्या रविवारी सकाळी मी काकींचं पातेलं परत द्यायला गेले होते. काकी स्वयंपाकघरात होत्या, मी तिथल्याच दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. हॉलमध्ये काका मनूशी बोलत होते. हल्ली त्यांना जरा कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर असतो. जेवण झालं, थंडी झाली. काका "बरं, आईला" म्हणत उठणार, तेवढ्यात ती म्हणाली,

"बाबा, एक सांगायचंय. रागावू नका."

"काय गं?"

"मी पाहिला. मेघदुर्ग. तेव्हाच, लागला त्याच आठवड्यात. ऑफिसचे सगळे निघाले होते, मला नाही म्हणता आलं नाही. इतके दिवस सांगायचं धाडसच होत नव्हतं. तुम्ही माझ्यासाठी थांबलात आणि मी—" तिचा आवाज फुटला. "म्हणून मी फोनवर नीट बोलत नव्हते, बाबा."

काकींनी गॅस बारीक केला. मला वाटलं, आता काका गप्प होतील, त्या कागदांच्या दिवशी झाले होते तसे. पण ते मोठ्याने हसले.

"अगं वेडे! एवढंच ना? मग ऐक, मीसुद्धा पाहिला!"

"तुम्ही पाहिलात?"

"पहिल्याच दिवशी, पहिला खेळ! मलाच तुला सांगायची चोरी झाली होती. म्हटलं, पोरीला वाईट वाटेल."

काकींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. पहिल्या दिवशी काका दिवसभर घरी, कानात कापूस घालून बसले होते. हे सगळ्या इमारतीला माहीत होतं.

"कसा वाटला, बाबा?" मनूचा आवाज अजून ओला होता, पण त्यातलं ओझं उतरलं होतं.

"कसा म्हणजे! अगं, तो किल्लेदार शेवटी हसतो ना, तेव्हा माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. बाजूचा माणूस बघायला लागला माझ्याकडे. एवढी वर्षं थांबलो होतो आपण त्याच्यासाठी! तू म्हणायचीस तेच खरं निघालं. तो उजेड दारातूनच आला होता. आगीचा नव्हता. मी हरलो!"

माझ्या हातातलं पातेलं ओट्यावर ठेवायचं राहून गेलं. किल्लेदार कधी मेला ते मला माहीत होतं आणि पलीकडे मनूलाही माहीत होतं. तिथून काहीच आवाज येईना. काकांनी फोन हातात घेतला, कट झाला की काय बघायला. मी मनात म्हणत होते, पोरी, आता खरं बोलू नकोस.

"हो ना, बाबा," ती म्हणाली. आवाज अगदी हळू आला, पण स्वच्छ आला. "काय हसलाय तो!"

"हसला की नाही?"

"हसला. पण बाबा, त्याच्या पुढचं मला नीट आठवतच नाही. मी रडत होते ना, त्यात राहूनच गेलं. तो हसला, आणि मग काय झालं? सांगा ना."

 काकांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला आणि खुर्चीत नीट मांडी घालून बसले.

"मग? मग काय, तो उठला," काका म्हणाले. "आधी त्याने कमरेची किल्ली काढली. ती इतक्या वर्षांत गंजली होती. लागेना. मग तो खाली बसून..."

काकींनी पदराने डोळे टिपले आणि भाताला आधण ठेवलं. मी पातेलं ठेवून निघाले. आमच्या दारात येऊन कुलूप काढेपर्यंत काकांचा आवाज येत होता, आणि मध्ये मध्ये मनू तिकडून हुंकार देत होती.